फरमा, यंत्र आणि माणूस

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींस फरीदाबाद ठाऊक असते ते मथुरेच्या वाटेवरील कारखान्यांचे गाव म्हणून. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ साली ते वसविले. परंतु त्याचा अर्वाचीन इतिहास १९४९ पासून सुरू होतो. फाळणीने उखडलेली बन्नू, कोहाट, डेरा इस्माइलखान येथील हजारो कुटुंबे तेथे आली. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली विकासमंडळ नेमले गेले, आणि निर्वासितांनी फुकटच्या शिध्याऐवजी मजुरी पत्करून आपली घरे आपणच बांधली. घरे झाली, पण पोटाचा प्रश्न उरला. त्यासाठी कारखाने हवे होते. १९५१ मध्ये बाटाचा जोड्यांचा कारखाना तेथे उभा राहिला.

या घटनेचे महत्त्व कळण्यास आपल्या गावगाड्याकडे पाहावे लागेल. चांभार हा बलुतेदार. आरी आणि रापी बापाकडून मुलाकडे जात, आणि त्यांच्याबरोबर अस्पृश्यतेचा डागही जाई. कारखान्यात जन्माचा हा धंदा रोजगाराची नोकरी झाला. एकाने दाबयंत्रावर चामडे कापावे, दुसऱ्याने त्याच्या कडा तासाव्यात, तिसऱ्याने अप्पर शिवावे, चौथ्याने ते फरम्यावर चढवावे, अशी कामाची वाटणी झाली.

यांतील फरम्यावर अप्पर ताणून बसविण्याचे काम यंत्राला फार काळ साधले नव्हते. ते साधले यान मॅट्झेलिगर या कृष्णवर्णीय कारागिराने. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये जन्मलेला हा तरुण अमेरिकेतील लिन या गावी जोड्यांच्या कारखान्यात कामगार होता. १८८३ साली त्याला पेटंट मिळाले. हाताने दिवसाकाठी सुमारे ५० जोड होत. या यंत्राने ते १५० पासून ७०० पर्यंत नेले. तो स्वतः १८८९ साली, वयाची ३७ वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने वारला.

मग यंत्र चालविणाऱ्याकडे काही कसब उरले काय? आमच्या मते उरले. कातडे सर्वत्र सारखे नसते. पाठीचे घट्ट, पोटाचे सैल. कापताना ते ओळखावे लागते. फरम्यावर अप्पर केसभर तिरके बसले तर जोड फुकट जातो. कसब नाहीसे झाले नाही. ते क्षणभराच्या हालचालीत सामावले आणि निनावी झाले. चांभाराला ओळख होती, मान नव्हता. यंत्रचालकाचा डाग फिकटला, पण ओळखही गेली. आणि डागाचे म्हणाल तर तो कारखान्याच्या फाटकाबाहेर पुसला गेला, असेही नाही. मेलेली जनावरे सोलण्याचे काम पुढेही बहुतांशी जुन्याच जातींच्या वाट्याला राहिले.

१९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, फिरत्या भागांना कुंपण सांगितले. तथापि सारे धोके डोळ्यांना दिसत नाहीत. जोडे चिकटविण्याच्या द्रावणातील बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे इस्तंबूलच्या जोडे कारागिरांवरून डॉक्टरांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले.

आज दिल्लीच्या पश्चिमेस बहादूरगड हे पादत्राणांचे मोठे केंद्र आहे. सरकारी दप्तरात तेथील कारखान्यांची अश्वशक्ती आणि कामगारसंख्या नोंदली जाते. ही दप्तरे सांभाळणाऱ्या आपल्या वाचकांना आमचे एवढेच सांगणे, की 'यंत्रचालक' या रकान्यातील आकडा लिहिताना त्यामागच्या हाताचे कसब आणि त्याला असलेला धोकाही ध्यानी असावा.