फाइलचे नाव आणि छायाचित्राचे शीर्षक : एका गल्लतीचा इतिहास

सुट्या पत्रांची पोथी वाऱ्याने उधळली, तरी ती पुन्हा लावता येते. पत्राच्या समासात ग्रंथनामाचे एकदोन अक्षरी संक्षिप्त रूप आणि पत्रांक लिहिलेला असतो. ग्रंथाचे पूर्ण नाव, कर्ता, लेखनकाळ, लेखनिकाचे नाव-गाव हा सारा तपशील तेथे नसतो. तो अखेरच्या पत्रावर पुष्पिकेत येतो. पत्र कोठे बसते हे समास सांगतो आणि ग्रंथ कोणता हे पुष्पिका सांगते. ही व्यवस्था आम्ही दोघे पाठचिकित्सेच्या तासाला वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. तरीही छायाचित्रांची पाळी आली तेव्हा आम्ही ती सपशेल विसरलो, म्हणून हा लेखप्रपंच.

२००९ साली आमच्या महाविद्यालयातील वाङ्मय मंडळाचे चार जुने अल्बम विभागाकडे आले. काळ्या जाड कागदाची पाने, मध्ये पातळ पारदर्शक कागद, एकूण सुमारे सहाशे छायाचित्रे. आम्ही तेव्हा नव्याने रुजू झालो होतो आणि उत्साह दांडगा होता. जवळच्या डीटीपीच्या दुकानात सगळी छायाचित्रे स्कॅन करून घेतली. स्कॅनरने आपल्या रीतीप्रमाणे ०००१ पासून क्रमांक दिले. 'स्कॅन ०२१७' हे काय नाव झाले? साहित्याच्या माणसांना ते रुक्ष वाटले. तीन संध्याकाळी बसून आम्ही एकेका फाइलचे नामकरण केले : 'काव्यवाचन', 'प्रमुख पाहुण्यांचा सत्कार', 'अज्ञात विद्यार्थिनी', 'मंडळाचे उद्घाटन १', 'मंडळाचे उद्घाटन २'. संगणकाने सहाशेच्या सहाशे फायली निमूटपणे वर्णानुक्रमे मांडल्या आणि अल्बमचा क्रम त्या क्षणी नाहीसा झाला. फायलींच्या तारखांवरून तो परत मिळाला असता. पण आम्ही चित्रे उजळ करून पुन्हा जतन केली होती, त्यामुळे त्या तारखाही बदलल्या. मूळ अल्बम पुढे कोठीच्या दुरुस्तीत इतर कागदांबरोबर रद्दीत गेले. छायाचित्रांच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीबाही लिहिलेले होते, हे आम्हांला आठवत होते. पाठ मात्र स्कॅन केली नव्हती.

पाच वर्षांनी विभागाच्या एका निवृत्त प्राध्यापिका भेटीस आल्या. आम्ही कौतुकाने संग्रह दाखवू लागलो. 'काव्यवाचन' पाहून त्या थबकल्या. "अहो, हे काव्यवाचन नाही. ही सरांची शोकसभा आहे. खुर्चीवर तसबीर ठेवली आहे, दिसत नाही का?" तसबीर दिसत होती. कोणीतरी उभे राहून कागदावरून वाचत होते, तेवढ्यावरून आम्ही निष्कर्ष काढला होता. पुढे 'अज्ञात विद्यार्थिनी' आली. दाराशी उभी असलेली ती स्त्री विद्यार्थिनी नव्हतीच. त्या ग्रंथालयात काम करत. पुस्तके वर्गावर आणून देत. "आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नाव... मागे लिहिलेलं असेल बघा." यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

या फजितीनंतर आम्ही अशा संग्रहांचा इतिहास वाचू लागलो. आमची चूक मुळीच नवी नाही, असे त्यात आढळले.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ पासून, रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली एका सरकारी विभागाने ग्रामीण दैन्याची छायाचित्रे काढून घेतली. हा विभाग पुढे फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या नावाने ओळखला गेला. त्याचा संग्रह आता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. नुसत्या कृष्णधवल निगेटिव्हच पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. त्यांतील सर्वांत गाजलेले चित्र डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो येथे काढले. चिंतामग्न आई, हनुवटीशी हात, खांद्यांवर तोंड लपवून बिलगलेली दोन मुले. जग या चित्राला 'मायग्रंट मदर', म्हणजे 'स्थलांतरित आई' म्हणते. संग्रहातील मथळा निराळा आहे : त्यात कॅलिफोर्नियातील निष्कांचन वाटाणा-वेचक, सात मुलांची आई, वय बत्तीस, अशी नोंद आहे. तिचे नाव दोन्हींत नाही. लँग यांनी १९६० साली स्वतःच लिहिले की, आपण तिचे नाव विचारले नाही आणि हकिकतही विचारली नाही.

ते नाव कळायला १९७८ साल उजाडले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. कॅलिफोर्नियातल्याच एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने तिला शोधून काढले. ती चेरोकी वंशाची होती, हे त्या चित्राच्या कोणत्याच मथळ्यात कधी आलेले नव्हते. शिवाय तिच्या कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे ती त्या छावणीत वाटाणे वेचायला आलीच नव्हती. गाडी बिघडली म्हणून थांबली होती. म्हणजे शीर्षक लोकप्रिय झाले, मथळा सरकारदरबारी नोंदला गेला आणि दोन्ही काही अंशी चुकले. या सगळ्या उलथापालथीत एकच गोष्ट जागची हलली नाही : निगेटिव्हचा क्रमांक, ९०५८. त्या क्रमांकाने कसलाही दावा केलेला नव्हता, म्हणून त्याला खोटे ठरण्याचे भय नव्हते.

याच संग्रहातील आणखी एक रीत आम्हांला मोठी उद्बोधक वाटली. हजारो निगेटिव्हना मथळाच नाही. त्यांचे ठसे त्या काळी काढले गेले नाहीत. तालिकाकारांनी अशा ठिकाणी शीर्षक कल्पिले नाही. 'शीर्षकहीन छायाचित्र, बहुधा अमुकशी संबंधित' असे त्यांनी लिहिले आणि 'अमुक'च्या जागी शेजारच्या क्रमांकाच्या निगेटिव्हचा मथळा घातला. ही सारी नोंद चौकटी कंसात येते. तालिकाकाराने स्वतः पुरवलेले शीर्षक चौकटी कंसात घालावे, हा ग्रंथालयशास्त्राचा जुना नियम आहे. त्रुटित पाठाची पूर्ती कंसात दाखवणाऱ्या आपल्या संपादकांना तो ओळखीचा वाटेल. मुद्दा असा की, मुक्या चित्राला त्याचा शेजारी बोलते करतो आणि शेजार टिकतो तो क्रमांकामुळे. आम्ही सहाशे चित्रांचे शेजार तीन संध्याकाळींत मोडले होते.

(अजिंठ्याच्या लेण्यांचे क्रमांकही असेच स्थळानुसारी आहेत. दहावे लेणे पहिल्याहून कितीतरी जुने. पण कालनिर्णयाचे वाद कितीही रंगले तरी कोणी क्रमांक बदलत नाही. नंतर उजेडात आलेल्या लेण्याला पंधरा आणि सोळाच्या मध्ये '१५ अ' म्हणून जागा करून दिली, पुढची सारी लेणी एकेका अंकाने सरकवली नाहीत.)

आता कॅमेऱ्याकडे वळू. डिजिटल कॅमेऱ्यातून येणारी ती आठ अक्षरी नावे, 'डीएससी' किंवा 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे, ही कोणा कंपनीची लहर नव्हे. १९९८ साली जपानी उत्पादकांच्या संघटनेने एक सामाईक नियम ठरवला : कार्डावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर, त्यात तीन अंकांनी सुरू होणारे उपफोल्डर आणि आत चार अक्षरे व चार अंक अशी नावे, ०००१ ते ९९९९. आठ अक्षरांची मर्यादा डॉसच्या काळापासून वारशाने आली. ही पद्धत समासातल्या पत्रांकासारखीच आहे, आणि तिच्यातला दोषही तसाच उघड आहे : दहा हजारावे चित्र पुन्हा ०००१ होते. एकाच घरात दोन कॅमेरे असले की एकाच नावाची दोन चित्रे सहज निपजतात. म्हणून क्रमांकामागे तारीख किंवा संग्रहाचे चिन्ह जोडणे भाग पडते; पोथीच्या समासातही नुसता अंक न लिहिता ग्रंथनामाची आद्याक्षरे लिहीत, ती याच कारणाने.

मग पुष्पिका कोठे लिहावी? चित्राच्या पोटात. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेने १९९१ साली तारेने जाणाऱ्या छायाचित्राबरोबर मजकूर पाठवण्याचा आराखडा सिद्ध केला, आणि मथळा, स्थळ, छायाचित्रकार यांच्यासाठी निरनिराळे रकाने केले. त्यांपैकी 'टायटल' हा रकाना पाहण्यासारखा आहे. तो बातमीसारखा मथळा नसून ओळखीची छोटी खूण आहे, मग ती अंकांत असली तरी चालेल, असे ही संघटना आजही सांगते. वृत्तपत्री मथळ्यासाठी 'हेडलाइन' हा वेगळा रकाना आहे आणि वर्णनासाठी तिसरा. पण शब्दाचा सामान्य अर्थच बलवत्तर ठरला आणि जो तो त्या रकान्यात आपापल्या समजुतीचे शीर्षक भरू लागला. एका शब्दाने केवढा घोटाळा होतो, हे भाषेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

मराठी माणसाची अडचण याहून मूलभूत होती. त्या रकान्याची मर्यादा चौसष्ट बाइटची. देवनागरीचे एकेक चिन्ह, म्हणजे प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त, यूटीएफ-८ संकेतात तीन बाइट खाते. हिशेब करा : एकवीस चिन्हे. 'वाङ्मय मंडळाचे उद्घाटन' हे एवढेसे शीर्षकही त्यात जेमतेमच मावते. कॅमेऱ्याच्या एक्झिफ नोंदीतील वर्णनाचा रकाना तर रोमन लिपीपुरताच होता. यूटीएफ-८ला तेथे अधिकृत प्रवेश मिळाला तो २०२३ साली. २००१ साली अडोबीने आणलेल्या एक्सएमपी या पद्धतीत मात्र युनिकोड आहे आणि एकाच शीर्षकाची अनेक भाषांतील रूपे शेजारी ठेवण्याची सोयही आहे. आम्ही आता तीच वापरतो.

मग फाइलचे नावच मराठीत का ठेवू नये? आमच्यातील एकाचा हा आग्रह बरीच वर्षे होता (फाइलला 'धारिका' म्हणण्याचा आग्रहही त्याचाच). तो सुटला एका अक्षरामुळे. 'वारकऱ्यांची दिंडी' या नावातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅकची जुनी फाइलरचना त्याचे दोन तुकडे करून ठेवी, विंडोज तो टंकला तसाच ठेवते. डोळ्यांना एकच दिसणारी नावे यंत्राला दोन वाटतात. वारकरी, शेतकरी, गावकरी यांच्या अनेकवचनी विभक्तिरूपांत हा 'ऱ' हटकून येतो. म्हणजे ज्यांची छायाचित्रे महाराष्ट्रात जास्तीत जास्त निघतात त्यांचीच नावे अशी घसरतात. तेव्हा फाइलच्या नावात अंक आणि रोमन खूण, आणि मराठी सगळी आत, यावर आमचा समेट झाला.

आत लिहिलेलेही सर्वत्र टिकते असे नाही. पिकासा हा गूगलचा लोकप्रिय कार्यक्रम २०१६ साली बंद झाला. चेहऱ्यांना दिलेली नावे तो बहुतेक वेळा शेजारच्या एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवी. ज्यांनी नुसती चित्रे उचलून नेली त्यांची माणसे पुन्हा निनावी झाली. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र आतली नोंद गाळून आणि नवे नाव धारण करून पोहोचते. कुटुंबातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून परंपरा जतन होत आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आजोबांच्या फोटोची माहिती एकदा उघडून पाहावी.

असो. आमच्या सहाशे चित्रांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. डीटीपीच्या दुकानदाराने त्या वेळी स्कॅनच्या दोन सीडी करून ठेवल्या होत्या आणि त्या त्याच्याकडे निघाल्या. पहिली उघडली. स्कॅनरचे क्रमांक जसेच्या तसे होते. त्यावरची चित्रे आमच्या नामांतरित चित्रांशी ताडून पाहण्यात एक दिवाळीची सुटी गेली. ३१२ जागेवर बसली. 'काव्यवाचन' १४३ क्रमांकावर निघाले. त्याच्या आगेमागे अल्बममधली त्याच सभेची चित्रे होती, जी आमच्याकडे 'सभागृह ४', 'फलक', 'प्राचार्यांचे भाषण' अशी विखुरली होती. 'फलक' मोठा करून पाहिला तेव्हा खडूने लिहिलेली तारीख वाचता आली. दाराशी उभ्या मावशींचे चित्र १४६ क्रमांकाचे, म्हणजे त्याच दुपारचे.

त्या चित्राच्या फाइलचे नाव आता अल्बमचा अंक आणि १४६ एवढेच आहे. आतल्या शीर्षकाच्या रकान्यात चौकटी कंसात 'शोकसभा. दाराशी ग्रंथालयातील मावशी' असे लिहिले आहे आणि टीपेच्या रकान्यात ही ओळख कोणी, कोणत्या वर्षी पटवली ते. महाविद्यालयाचे जुने वेतनपट मिळाले तर नाव लागेल. कार्यालयाकडे अर्ज दिला आहे. दुसरी सीडी दोन ठिकाणी दाखवून झाली, वाचली गेली नाही. ती पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे आणि पाकिटावर आतल्या चित्रांचे क्रमांक लिहिले आहेत, ३१३ पासून पुढे.