'बलदिया' शब्दाची कुळकथा
आमच्या नारायणगुड्यात नगरसंस्थेस 'बलदिया' म्हणण्याची रूढी जुनी आहे. तेलुगू वृत्तपत्रांनीही हा शब्द टाकलेला नाही. अरबीत 'बलद' म्हणजे शहर; शहराची ती बलदिया. आपल्या कोकणीतील 'गांवकारी'ही अशीच गांवावरून घडली. 'नगरपालिके'त मात्र 'पाल्' धातू आहे: पाळणारी एक, पाळले जाणारे दुसरे. आम्हां वकिलांस हा भेद क्षुल्लक वाटत नाही. अर्थात्, नुसत्या शब्दाने हक्क मिळत नाहीत. सर सालारजंगांच्या कारकीर्दीत १८६९ मध्ये येथे नगरव्यवस्था सुरू झाली. शहर निराळे, चादरघाट निराळे. १९३३ मध्ये दोन्ही एक झाली आणि पहिली निवडणूक १९३४ मध्ये झाली. नावात शहर होतेच. शहरवासीयांच्या मताला मात्र ६५ वर्षे दाराबाहेर तिष्ठावे लागले.