कुलपाची गोष्ट

मंडळाचे जुने अंक स्कॅन करून जपून ठेवावेत असं कार्यकारिणीत ठरलं आणि माळ्यावरची खोकी उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं. अंक सापडले, काहींच्या सीडी सापडल्या आणि एका पाकिटात काड्यापेटीएवढा एक प्लास्टिकचा ठोकळा सापडला. तरुण मंडळींना तो काय आहे तेच कळेना. मला मात्र जुना वैरी भेटल्यासारखं झालं. तो होता डोंगल!

२००१ साली ज्या मराठी अक्षरजुळणीच्या पॅकेजवर आपला अंक लागायचा, ते आम्ही रीतसर पैसे मोजून पुण्याहून आणलं होतं. कॉम्प्युटरच्या मागच्या प्रिंटर पोर्टला हा ठोकळा जोडल्याशिवाय ते उघडत नसे. ऐन दिवाळीच्या तोंडावर ठोकळ्याची पिन तुटली. मजकूर तयार, जाहिराती तयार, छापखान्याची तारीख ठरलेली, आणि प्रोग्राम आम्हालाच चोर समजून दार उघडेना. पुण्याला फोन केला, तर तुटलेला ठोकळा आधी पाठवा, मग नवा देऊ, असं उत्तर मिळालं. दिवाळीचा अंक त्या वर्षी संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर वाटला. मधल्या काळात एका स्नेह्यांनी सुचवलं, "कशाला एवढा त्रास? कुलूप तोडलेली सीडी मिळते की!" म्हणजे पैसे भरणारा अडला आणि न भरणारा मोकळा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

हा प्रश्न काही आपल्या मंडळापुरता नाही. घरगुती कॉम्प्युटर जन्माला आला तेव्हापासून तो चालत आला आहे.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हे यंत्र झळकलं. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली. ती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळे. कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या हौशी मंडळींच्या हाती अशी एक पट्टी लागली आणि तिच्या नकला भराभर वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या गेट्सनं या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं आणि आमच्या मेहनतीचे तासाला दोन डॉलरही सुटले नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

ती तक्रार खोटी नव्हती, आणि आपण काही सोवळे नव्हतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात शिकत असताना आम्ही फ्लॉपीवर फ्लॉपी उतरवून घेत होतो. मित्राची कादंबरी वाचायला न्यावी इतक्या सहजपणे ते चाले. मूळ प्रतीची किंमत माझ्या पहिल्या पगाराहून जास्त होती. भारतात १९८४ च्या दुरुस्तीनं सॉफ्टवेअर कॉपीराइट कायद्याखाली आलं होतं. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली आणि चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद कायद्यात आली. आमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं, ते विचारू नका!

कंपन्यांनी कुलपं तऱ्हेतऱ्हेची लावून पाहिली. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ ला मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावी लागे. गिऱ्हाइकं वैतागली आणि दशक संपता संपता लोटसनं ते कुलूप काढून टाकलं. विंडोज ९५ च्या सीडीबरोबर दहा आकडी किल्ली येई. तिच्या शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातानं भाग गेला की यंत्र खूश! सगळे एक टाइप केले तरी दार उघडे. हे कुलूप म्हणजे दाराला लावलेली नुसती कडी होती.

खरं कुलूप आलं २५ ऑक्टोबर २००१ रोजी, विंडोज एक्सपीबरोबर. पंचवीस अक्षरांची किल्ली भरून भागत नव्हतं, तीस दिवसांत 'ॲक्टिव्हेशन' करावं लागे. हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, प्रोसेसर, मेमरी अशा दहा गोष्टींवरून यंत्राचा जणू अंगठ्याचा ठसा घेतला जाई आणि किल्ली त्या ठशाशी बांधली जाई. यातले पुरेसे भाग बदलले की यंत्र मालकाला ओळखेनासं होई. इंटरनेट नसेल तर फोनवर पन्नास आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून आलेले बेचाळीस आकडे टाइप करायचे. लग्नाची याद्यांची बैठकसुद्धा याहून लवकर आटपते.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की हा उपाय घरगुती नकलांसाठी आहे. म्हणजे एकच सीडी हॉलमधल्या आणि मुलांच्या खोलीतल्या अशा दोन यंत्रांवर घालणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. तो हेतू बऱ्यापैकी साधला. पण मोठ्या कंपन्यांच्या प्रतींना ॲक्टिव्हेशन लागत नसे, आणि तशी एक किल्ली एक्सपी दुकानात येण्याच्या महिनाभर आधीच फुटली. सराईत नकलाकारांना वेगळं काही करावंच लागलं नाही. २००२ च्या सर्व्हिस पॅकमध्ये ती किल्ली अडवली, तोवर ती जगभर फिरून आली होती.

पुढे २००५ पासून अस्सलपणाची तपासणी सक्तीची झाली. ती पास झाल्याशिवाय बऱ्याचशा गोष्टी डाउनलोड करता येईनात. ऑगस्ट २००७ मध्ये या तपासणीचे सर्व्हरच चुकले. सुमारे एकोणीस तास अस्सल प्रती नकली ठरत होत्या आणि व्हिस्टावरच्या काही सोयी बंद पडल्या. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे बारा हजारांहून कमी यंत्रांना फटका बसला. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. ऑक्टोबर २००८ मध्ये नकली एक्सपीचा पडदा दर तासाला काळा करण्याची युक्ती निघाली आणि चीनमध्ये मोठा गहजब झाला.

कायद्यानं मात्र एकदा आमच्यासारख्यांची बाजू ओळखली. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं असलं डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला होता. पण २००३ मध्ये त्यातून काही सवलती दिल्या गेल्या. त्यात एक होती, बिघडलेल्या आणि कालबाह्य झालेल्या डोंगलमुळे जे प्रोग्राम उघडत नाहीत त्यांच्यासाठी! २००६ आणि २०१० मध्येही ती कायम राहिली. वाचून मला हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. पण सवलत मिळाली म्हणून कुलूप तोडायची कला काही येत नाही.

आज कुलूप दिसतही नाही. २०१५ च्या विंडोज १० पासून बहुतेक घरगुती यंत्रांचा परवाना दूरच्या सर्व्हरवर त्या यंत्राच्या नावे नोंदलेला असतो. किल्ली हरवण्याची भीती गेली, कारण किल्ली आपल्या हातातच उरली नाही.

मला चोरीचं समर्थन करायचं नाही. लिहिणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण विकत घेतलेल्या वस्तूचं कुलूप बिघडलं, तर मालकाला घरात शिरायची वाट उरली पाहिजे.

कारण माळ्यावरच्या खोक्यात २००१ चा छापील अंक नाही. त्याची सीडी आहे, फाइल आहे, ठोकळाही आहे. पण आताच्या यंत्रांना प्रिंटर पोर्ट नाही आणि ते पॅकेज त्यांवर चालत नाही. मंडळाची स्थापना कशी झाली याची आठवण त्या अंकात आपल्या एका ज्येष्ठ काकांनी लिहिली होती. काका आता नाहीत. आम्ही पैसे भरून घेतलेल्या कुलपाच्या आत त्यांचे शब्द बंद आहेत.

तेव्हा मंडळी, एक विनंती. संक्रांतीला मिळालेला तो अंक कुणाच्या कपाटात असेल, तर दोन दिवसांसाठी द्या. स्कॅन करून जसाच्या तसा परत करीन. आणि यापुढे अंकासाठी लेख पाठवाल ते कृपया युनिकोडमध्येच पाठवा. निदान आपल्या नातवंडांना तरी ते किल्ली न शोधता वाचता येतील.