झिजलेल्या अक्षरांचें वाचन

जुन्नर प्रांतांतील शिलालेख वाचूं जाणारास अक्षराआधीं दगड वाचावा लागतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळांत मूळचींच बारीक छिद्रें असतात. त्यांत ऊन-पावसानें खपल्या निघून नवे खळगे पडतात. टांकीची रेघ अक्षराच्या वळणानें चालते, खळग्यास दिशा नसते. परंतु झिजलेल्या पृष्ठावर हा भेद समोरच्या उजेडांत दिसत नाहीं. बाजूनें तिरपा प्रकाश पडला म्हणजेच रेघेंत सावली भरून तो उघड होतो.

नाणेघाटांतील लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या मूर्ति होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मात्र सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्रीसातकर्णी इत्यादि नामलेख त्यांवर शाबूद आहेत. बाजूच्या भिंतींवरील मोठ्या ब्राह्मी लेखांत यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण यांचे आंकडे वाचतां येतात, परंतु पुष्कळ ओळी खंडित आहेत. वेदिश्रीची माता असलेली ही दानकर्ती राणी नायनिकाच, असें बहुतेक संशोधक मानतात. तें मत सयुक्तिक आहे. तथापि तें मोठा लेख व नामलेख एकत्र लावून काढलेलें अनुमान आहे, हें विसरूं नये.

झिजेचें मोल किती, हें मानमोडीच्या डोंगरांतील लेखावरून कळतें. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या या दानलेखांत वर्ष ४६ आहे व तें ४० आणि ६ अशा दोन निराळ्या चिन्हांनीं कोरलें आहे. दुसरें चिन्ह पुसलें असतें, तर वर्ष ४० बिनतक्रार वाचलें गेलें असतें आणि नहपानाच्या कालनिर्णयांत सहा वर्षांची चूक शिरली असती.

म्हणून जुन्या नकला व ठसे यांस आम्ही हस्तलिखितांइतकेंच मोल देतों. नाणेघाटचा लेख पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं अभ्यासिला. ब्यूलर यांचें वाचन १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतर कातळानें आणखी किती पावसाळे सोसले! त्या काळीं दिसलेलें अक्षर आज दिसेलच असें नाहीं. कसरीनें खाल्लेल्या पोथींतील गाळलेली जागा आपण जशी गाळलेलीच दाखवितों, तशीच शिलालेखांतील दाखवावी. संशयित अक्षर कंसांत घालावें. ज्या संग्राहकांजवळ या भागांतील लेखांचे जुने ठसे असतील, त्यांनीं ते घडी न करितां सपाट ठेवावे व त्यांवर स्थळ आणि तारीख लिहावी. तारखेवांचून ठशावरून अक्षर केव्हां गेलें, हें सांगतां येत नाहीं.