खरी कॉर्नरवरून १९१८ मध्ये

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात. गळ्यात आगफा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला. त्यात १२० चा रोल, म्हणजे बारा फोटो. ऊन आहे की ढग, एवढंच त्याला सांगायचं. बाकी सगळं तुमच्या नजरेवर. व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. रिक्षांचे हॉर्न थांबले, डांबर गेलं, पायाखाली मऊ धूळ आली. साल १९१८.

"काय पावणं, कुठनं आलासा?" दारातल्या पोरानं विचारलं. उत्तर देत बसू नका, आत चला.

आत लेथ फिरतोय. तेलाचा आणि तापलेल्या पितळेचा वास नाकात जातो. चपलेखाली पितळेचा कीस करकरतो. लेथवर दादा मिस्त्री आहेत, शेजारी विष्णुपंत दामले. एक जण हातात दातेरी चाक धरून उजेडाकडे बघतोय. ते बाबूराव मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून रंगवून गावानं त्यांना पेंटर हेच आडनाव दिलं. सोबतीला आनंदराव पेंटर असायला हवे होते. सिनेमाचं वेड दोघांचं, कॅमेरा करायचं स्वप्नही दोघांचं. पण आनंदराव १९१६ साली गेले. पुढ्यातली ही कॅमेऱ्याची पेटी त्यांचीही आहे, हे विसरून तिच्याकडे बघता येत नाही.

फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. इथे तशी सोय नाही. जगात महायुद्ध पेटलंय आणि विलायती यंत्र मागवणं अवघड आहे. म्हणून कोल्हापूर स्वतःच घडवतंय. ही मंडळी कुठल्या शाळेत यंत्रशास्त्र शिकलेली नाहीत. पण सिनेमा दाखवायच्या यंत्रात फिल्म कशी सरकते, हे त्यांनी जवळून पाहिलंय. फिल्म थांबते, उजेड पडतो, पुन्हा झाकण येतं, फिल्म एक चौकट पुढे जाते. कॅमेऱ्यात हाच खेळ उलटा, इथे उजेड बाहेरून आत येतो. एवढं पटलं की उरतं ते घासणं, जुळवणं, पुन्हा घासणं.

पेटीचं दार उघडं आहे. वाकून बघा. दोन बारीक नख्या फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतात, तिला खाली ओढतात आणि सुटतात. त्या ओढत असताना भिंगामागची तबकडी उजेड अडवून धरते. नखी केसभर उशिरा सुटली तर चित्र फरफटतं. आता हँडल धरा. सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चौकटी. हात घाईला आला तर पडद्यावरची माणसं रेंगाळतील, मंदावला तर ती पळत सुटतील. मनातल्या मनात ताल धरा, दंडाला कळ लागेपर्यंत फिरवा. सोळा चौकटींना एक फूट फिल्म. तुम्ही बारा फोटो पुरवून पुरवून काढता, ते या पेटीतून पाऊण सेकंदात निघून जातात! तरी इथला माणूस तुमच्यापेक्षा उधळा नाही. फूट न् फूट दामाची आहे, त्यामुळे हँडलला हात लागण्याआधी सगळं ठरलेलं असतं.

डार्करूममध्ये तांबडा दिवा आहे. या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नाही, म्हणून तो चालतो. तुमच्या आजच्या बहुतेक कृष्णधवल रोलना तोही चालणार नाही, त्यांना मिट्ट काळोख लागतो. इथे मात्र समोर, डोळ्यांदेखत चित्र उगवतं. त्या पोराचा तांबडा फेटा पडद्यावर काळा येईल, निळं आभाळ पांढरंफटक. हायपोचा आंबूस वास घशात बसतो. ओली पट्टी उजेडाकडे धरली की अंगावर काटा येतो. मोबाइलवर हजारो फोटो असले तरी हा काटा येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

पुढचं भराभर बघून घ्या. ७ फेब्रुवारी १९२०, पुण्याचं आर्यन थिएटर, बाबूरावांचा चित्रपट 'सैरंध्री'. कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग कापायला लावला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. १९२३ च्या 'सिंहगड'साठी विजेच्या दिव्यांच्या उजेडात चित्रण झालं, १९२५ ला 'सावकारी पाश' आला. १९२९ साली दामले, फत्तेलाल आणि शांताराम बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. ही सगळी माणसं बाबूरावांच्या हाताखाली तयार झाली.

१९१८ मधून निघण्याआधी खिशातला जादा रोल काढून त्यांना दाखवा. १२० चा आकार १९०१ पासून आहे, त्यामुळे त्यांना तो परका वाटणार नाही. तो आजही बनतो. संग्राहक लायका आणि रोलायफ्लेक्सच्या किमती सांगत बसतात. त्यांची आवड त्यांच्यापाशी. पण जुन्या कॅमेऱ्याचं सुख किमतीत नाही. त्याचं मागचं झाकण उघडून आतलं कळतं, आणि कळलेलं हातानं चालवता येतं, ते सुख मोठं. उघडून बघायची ही खोड कोल्हापूरला वारशात मिळालीय.

तेव्हा माळ्यावर आजोबांचा कॅमेरा पडला असेल तर तो शोकेसमध्ये मांडू नका. झाकण उघडा, भिंग पुसा, खटका चालतो का ते ऐका. अडला असेल तर जुन्या फोटो स्टुडिओतल्या माणसाला दाखवा. मग रोल भरा आणि पहिला फोटो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा काढा.