भूमीचा लेख : नार्वे आणि कुंकळ्ळी

ताम्रपट आणि शिलालेख बहुधा सत्ताधीशांच्या आज्ञेने कोरले गेले. त्यांत दाता, दान आणि दानाचे फळ यांचा उल्लेख असतो. परंतु ज्यांनी तळे खणले, ज्यांना देवासह गाव सोडावे लागले, त्यांची नावे त्यांत सहसा आढळत नाहीत. त्यांचा इतिहास जाणावयाचा तर अक्षरांबरोबर भूमीही वाचावी लागते. गोमंतकात हे वाचन विशेष फलदायी ठरते.

मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर नार्वे येथे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर याचे देवालय होते. या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख कदंबांनी आपल्या सुवर्णनाण्यांवर केला. राजाचा अधिकार देवदत्त आहे, हे ते नाणे हाताळणाऱ्या प्रत्येकास सांगे. म्हणूनच प्रत्येक सत्तांतराचा आघात या देवालयावर झाला. बहामनी आक्रमणात ते भंगले; चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधवमंत्र्याने त्याची पुन्हा प्रतिष्ठा केली. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीज अंमल आला आणि १५४० मध्ये तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. भिंती पाडण्याइतकाच हा दुसरा आघात खोल होता. कारण त्या उत्पन्नावर पूजा, उत्सव आणि सेवेकऱ्यांची उपजीविका अवलंबून होती.

आज दिवाडीवर ते देवालय नाही. परंतु कोटितीर्थ या नावाची जांभ्या दगडाची पुष्करणी आहे. चिरे उचलून अन्यत्र नेता येतात, खणलेले तळे नेता येत नाही. त्यामुळे नाहीशा झालेल्या देवालयाचे स्थान तीच दाखविते.

या कथेचा उत्तरार्ध नदीच्या पैलतीरी आहे. भाविकांनी देवाचे लिंग तेव्हा आदिलशाही अमलात असलेल्या डिचोली भागात नेऊन स्थापिले. अंतर थोडे, परंतु मध्ये राज्याची सीमा होती. आज दोन्ही तीरांवर नार्वे हे एकच नाव ऐकू येते. पैलतीरीच्या देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला आणि तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. २०२३ मध्ये या वास्तूचे पुन्हा संवर्धन झाले.

साष्टीतील कुंकळ्ळीचा लेख दगडावर नव्हे, वाटेवर आहे. १५ जुलै १५८३ रोजी तेथे पाच जेझुइट आणि त्यांच्यासोबतची माणसे मारली गेली. त्याचा सूड म्हणून गावाच्या नायकांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात पाचारण करून ठार करण्यात आले. देवी शांतादुर्गा फातर्प्यास गेली. तथापि आजही दरवर्षी फाल्गुनात देवी छत्र्यांच्या मिरवणुकीसह आपल्या मूळ स्थानी कुंकळ्ळीस येते. कागदोपत्री हक्क नाहीसा झाला असेल. वर्षानुवर्षे त्याच वाटेने चालून लोकांनी तो जिवंत ठेवला. उत्खननात असे पाऊल सापडत नाही, म्हणून पुरातत्त्वज्ञाने मिरवणुकीची वाटही नकाशावर आखावी.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. या छत्र्या गावकऱ्यांच्या बारा वांगडांच्या आहेत. छत्र धरण्याचा मान हाही अधिकारच होय. परक्या सत्तेपुढे न नमणाऱ्या गावातही कोणी छत्राचा मानकरी होता आणि कोणी केवळ मागून चालणारा. देव नव्या स्थानी गेले, तेव्हा मानपानाची उतरंडही त्यांच्यासमवेत गेली. कदंबांचे तळेही अनाम हातांनीच खणले होते. सत्ता परकी असली म्हणजेच ती सत्ता, असे नाही.

धर्मसंस्थेच्या वर्धापनसमयी पूर्वजांनी सोसलेल्या विस्थापनाचे स्मरण करणे उचितच आहे. परंतु ते स्मरण प्रामाणिक व्हावयाचे असेल तर ज्यांनी देव वाहून नेला, त्यांच्याबरोबर ज्यांना देवळाच्या पायरीशी थांबावे लागले, त्यांचाही भाग त्यात असावा. भूमीने दोघांच्याही खुणा जपल्या आहेत. त्या वाचणे हे वाचकाचे कर्तव्य होय.