सगळ्यांनी एकदम बटण दाबलं तर? ऑल-इलेक्ट्रिक घरांची गोष्ट

आजचा एपिसोड डीपीबद्दल आहे. व्हॉट्सॲपच्या नाही, कोपऱ्यावरच्या. तोच ट्रान्सफॉर्मर, जो उडाला की अख्खी गल्ली अंधारात जाते.

अमेरिकेत सध्या घरातला गॅस काढून स्वयंपाक, गरम पाणी, हीटिंग, सगळंच विजेवर न्यायचे प्रयत्न चालू आहेत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नव्या इमारतींत गॅसच्या पाइपलाइनवर बंदीच घातली. ती पुढे कोर्टात टिकली नाही, पण प्रश्न उरला: गल्लीतल्या डीपीला हे झेपेल का?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १८९२ मध्ये एडिसनचा जुना सेक्रेटरी सॅम्युअल इन्सल शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. त्याच्या धंद्याचं गणित साधं होतं: सगळे लोक सगळं एकाच वेळी चालू करत नाहीत. ट्राम सकाळ-संध्याकाळ धावतात, कारखाने दिवसा चालतात, घरातले दिवे रात्री लागतात. म्हणजे तीच मशिनरी तिघांना पुरते. याला म्हणतात डायव्हर्सिटी. गल्लीतल्या तारा आणि डीपी आजही याच हिशोबावर बसवतात.

आता १९५० च्या दशकात या. वीज कंपन्या आणि उपकरणं बनवणाऱ्यांनी मिळून १९५६ मध्ये 'लिव्ह बेटर इलेक्ट्रिकली' मोहीम काढली. घर पूर्ण विजेवर चालत असेल, हीटिंगसकट, तर त्याला 'गोल्ड मेडॅलियन' मिळायचं. प्रचाराला कोण? टीव्हीवर जनरल इलेक्ट्रिकचा कार्यक्रम सादर करणारे रोनाल्ड रेगन! कंपनीने त्यांचं स्वतःचं घरच विजेच्या उपकरणांनी भरून टाकलं होतं.

तेव्हा हे जमलं, कारण वसाहती नव्या होत्या. तारा नव्यानेच टाकायच्या होत्या, त्या जाड टाकल्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज महागली आणि या घरांची बिलं डोईजड झाली. आज मात्र जुन्याच गल्लीत, जुन्याच तारांवर नवा भार टाकायचाय.

आणि थंडीला डायव्हर्सिटी नसते. ती सगळ्यांच्या दारात एकाच रात्री येते.

फेब्रुवारी २०२१, टेक्सस. तिथली निम्म्याहून जास्त घरं विजेवर गरम होतात. हिमवादळात मागणी आभाळाला भिडली आणि त्याच वेळी वीजकेंद्रं आणि गॅसपुरवठा गोठला. ग्रिड वाचवण्यासाठी लाखो घरांची वीज तोडावी लागली. दोनशेहून जास्त माणसं गेली, कित्येक तर थंडीने गारठून.

यात अजून एक गंमत, खरं तर भीती आहे. बराच वेळ वीज गेली की सगळी घरं गार पडतात. लाइट आली की सगळे हीटर एकदम सुरू! मग नुसत्या त्या धक्क्यानेच फीडर परत ट्रिप होऊ शकतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'थंडरिंग हर्ड' म्हणतो: सर्व्हर परत उभा राहतो आणि हजारो ॲप एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात. आमचा उपाय? प्रत्येकाला थोडं वेगवेगळं थांबायला लावायचं.

ग्रिडचंही तसंच. समजा, दहा घरं आणि प्रत्येकाचा १० किलोवॅटचा साधा हीटर. सगळे लागले की १०० किलोवॅट. हीट पंप साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत तेवढीच ऊब देतो. कडाक्याच्या थंडीत थोडी जास्त लागते. पाणी दुपारी तापवून ठेवा, गाड्या रात्री पाळीपाळीने चार्ज करा. मोठी डीपी काही ठिकाणी लागेलच, पण प्रत्येक गल्लीत नाही.

थोडक्यात, इन्सलला डायव्हर्सिटी आयती मिळाली होती. आपल्याला ती आता मुद्दाम घडवावी लागणार. आपल्याकडे हीटर नाहीत, पण मे महिन्यातली रात्र आठवा: प्रत्येक फ्लॅटचा एसी चालू आणि खाली पार्किंगमध्ये ईव्ही लावलेल्या. पुढच्या सोसायटी मीटिंगला चार्जरचा विषय निघाला, तर 'किती किलोवॅट?' सोबत 'किती वाजता?' हेही विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर ऐकत राहा!